वजनाचा रिकामा रकाना

शहापूरच्या आमच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात खरेदीची यादी मी ठेवते. वस्तू, नग, वजन, किंमत, कुठून आली. पाच रकाने, वीस वर्षं. मुख्य कार्यालयाने प्रत्येक खरेदीचा कार्बन मोजायचं ठरवलं तेव्हा मला आनंदच झाला.

कल्याणला संगणकाचं काम बघणारा सहकारी माझा जुना मित्र. त्याने माझी यादी एका एपीआयला, म्हणजे कार्बनचा हिशोब करणाऱ्या बाहेरच्या संगणक सेवेला, जोडली. यादी तिकडे जायची आणि वस्तू तयार होऊन आमच्यापर्यंत येईतो किती कार्बन हवेत गेला, याचा अंदाज परत यायचा.

"ताई, तुमची यादी म्हणजे सोनं. काही बदलू नका."

नाही बदललं.

पहिल्या अहवालात सगळ्यात वाईट ठरल्या पळसाच्या पत्रावळी! म्हसा गावाजवळच्या पाड्यावरच्या बायका जंगलातली पानं आणून हाताने टाचतात, त्या. प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या त्यांच्यापेक्षा चांगल्या म्हणे. कार्यालयाने पत्रावळी बंद केल्या.

मी मित्राला फोन लावला.

"वजनाचा रकाना रिकामा होता ना, ताई. वजन नसलं की ते किमतीवरून काढतं. वस्तू महाग, तर कार्बन जास्त."

पत्रावळी कोणी वजनावर घेतं का? शेकड्यावर घेतात. आणि महाग होत्या, कारण मागच्याच वर्षी मी भांडून त्या बायकांना दर वाढवून दिला होता.

"तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच दिवशी. पण अहवाल वेळेत द्यायचा होता. एका ओळीने काय होतंय?"

फोन ठेवला. कोठारातला एक शेकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, वजन लिहून यादी परत पाठवली. आकडा धाडकन खाली आला. कार्यालयाचं उत्तर आलं: कागदी ताटल्यांचा वर्षाचा करार झाला आहे.

पाड्यावर मीच गेले. दर महिन्याला पत्रावळी घेऊन येणारी बाई ओट्यावर टाचत बसली होती. सगळं सांगितलं. मित्राने कसं फसवलं, तेही.

तिचा हात थांबला नाही. "त्यो कल्याणचा. त्याला आमी काय म्हाईत? यादी कोनाची, गो?"

"माझी," मी म्हटलं.

तिने पुढचं पान उचललं.