जहाजावरचा नांगर

"बुधवार, ५ मार्च २०२५. निकिता सकाळच्या एसटीने आली. सामान तीन डाग. विहिरीतल्या मोटारीचा दोर तुटला, मोटार तळाला. जगदेवची मेथी कोवळी. जगदेव म्हणाला, 'जहाजावर नांगर निघाला तं मी विहिरीत उतरनं सोडून देईन.' प्रयागबाईसमोर म्हणाला."

मंगरूळपीरच्या वैजयंतीबाई ऐकलेलं वाक्य रोजनिशीत ऐकलं तसंच लिहीत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी हातावर पट्टी मारून लावलेली ही सवय. पुढे नवरा गेला, दात गेले, सवय राहिली.

जगदेव त्यांचा भाजीवाला. गावाबाहेर एकरभर बागायत होती, पण त्याचं नाव होतं ते बुडीसाठी. आसेगावपासून कारंज्यापर्यंत कुणाच्या विहिरीत काही पडलं, की जगदेवला निरोप जायचा. छाती भरून श्वास घ्यायचा, दोराचं टोक दातात धरायचं आणि दगडासारखं खाली जायचं. चाळीस वर्षांत त्याने मोटारी, बादल्या, एक सायकल, एका नवरीची नथ आणि एका माजी सरपंचाची कवळी वर आणली होती. कवळी मालकाने तिथेच खळखळून तोंडात घातली आणि 'बसते बराबर' म्हणाला, हे जगदेव भाजी तोलताना दर वेळी सांगे.

आता वय अडुसष्ट. मागच्या वर्षी तो आसेगावच्या विहिरीतून वर आला तेव्हा नाकातून रक्त वाहत होतं. तेव्हापासून त्याची बायको प्रयागबाई त्याला काठावर बसवायच्या मागे लागली होती. रडून झालं, अबोला झाला, लेकीच्या घरी निघून जायची धमकी देऊन झाली. जगदेव ऐकेना. विहीर सुटली की आपल्याला फक्त वांग्याचाच भाव विचारायला लोक येतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निकिता ही वैजयंतीबाईंची नात, पाण्याखालचं पुरातत्त्व शिकलेली. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी लढाईत जळून बुडालेल्या जुन्या लाकडी गलबताची मोजमापं घेऊन ती आली होती. बुधवारी ओट्यावर ती सांगत होती, की गलबत कुशीवर पडलं. वरची बाजू किड्यांनी खाल्ली, पण गाळात रुतलेली सागवानी बाजू अजून शाबूत आहे. जगदेवने मान डोलावली. जुन्या विहिरीच्या तळाशी असतं तसलं लाकडी कडं त्याने एकदा वर काढलं होतं. गाळात होतं तोवर लोखंडासारखं; उन्हात आठ दिवस राहिलं आणि फाटून गेलं. निकिताने हे वहीत लिहून घेतलं, तेव्हा तो फुलून गेला. मग ती म्हणाली, तिथे एक मोठा नांगरही सापडला.

जगदेवला हसू आवरेना. "समुद्रात का तूर पेरून राह्यले होते ते?" असं विचारून त्याने ते डायरीतलं वाक्य उच्चारलं.

शुक्रवारी मोटार काढायला तो प्रयागबाईला घेऊन आला आणि निकिताने फोटो दाखवला. लांब लोखंडी दांडा, खाली दोन वाकडे हात.

"हा तं गळ आहे," जगदेव म्हणाला. "विहिरीतली बादली काढाचा."

निकिताने समजावलं, की जहाज एका जागी धरून ठेवणाऱ्या या वस्तूला दर्यावर्दी लोक नांगरच म्हणतात. मेथी निवडणाऱ्या प्रयागबाईचे हात थांबले.

"निघाला ना मंग नांगर?"

जगदेवने कांगावा केला. आपण बैलाच्या नांगराबद्दल बोललो. समुद्रवाल्यांनी गळाला नांगर म्हटलं तर त्यात आपला काय गुन्हा? प्रयागबाई म्हणाली, बाईंच्या वहीत पाहा.

वैजयंतीबाईंनी वही आणली. घरात तीन दिवस पाणी नव्हतं. मोटार काढणारा माणूस समोर बसला होता आणि एका शब्दाने त्याला सोडवणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा पुसून वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

"बैलाचा, असं म्हणाला होतास?"

"म्हनलं नाही, पन मनात तं तेच होतं ना, बाई."

"मनातलं मी लिहीत नाही."

प्रयागबाईने पदराने डोळे पुसले आणि जगदेवला लगेच उंबऱ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. बाईंकडे त्याने पाहिलं ते विळीकडे पाहावं तसं.

शनिवारी विहिरीत निकिता उतरली. वैजयंतीबाईंनी मोटारीचा फ्यूज काढून पदराच्या गाठीला बांधला. जगदेवच्या हातात दोर होता, आणि जगदेवच्या दुपट्ट्याचं टोक प्रयागबाईच्या मुठीत. निकिता तोंडाला काच लावून खाली गेली, वर आली, पाटीवर काहीतरी काढलं, पुन्हा गेली. जगदेवचं पंधरा मिनिटांचं काम. इथे तास झाला.

"काय करून राह्यली तू?"

"नोंद, आजोबा. कोणती वस्तू कुठे, कशी पडली ते आधी लिहायचं. मग हलवायचं."

जगदेवने वैजयंतीबाईंकडे पाहिलं. "तुमच्याच घरची आहे," तो म्हणाला.

मग मोटार हलली, पण दोरातून दोनदा निसटली. जगदेव काठावर ओणवा झाला. मागे दुपट्टा ताणला गेला. दोर मोटारीच्या गळ्याखालून आडवा घे, मग पायपाच्या तोंडाशी उलटा फास मार, असं तो सांगत गेला. निकिताने ते पाटीवर काढून घेतलं, त्याला दाखवलं. त्याने एक रेघ दुरुस्त करायला लावली. तिसऱ्या खेपेला मोटार वर आली, अंगावर ओरखडा नाही.

"उशीर लागला," जगदेव म्हणाला. "पन आसेगावले एक पडेल आहे. येतं का पोरी? मी वरून सांगतो."

प्रयागबाईने मूठ जरा सैल केली.

त्या संध्याकाळी वैजयंतीबाईंनी लिहिलं: "टाकी सव्वासहाला भरली. निकिताचा टॉवेल अजून ओला. आसेगावसाठी आतल्या खोलीत पंख्याखाली टाकला."