दुसरा गेअर धरणारी चन्नबसम्मा

निजामाचं राज्य जायला अजून दहाएक वर्षं होती, तेव्हा बोरीच्या नागप्पा दुकानदारानं एका जहागीरदाराची टाकून दिलेली मोटार विकत आणली. मागची गादी काढून फळ्या ठोकल्या आणि बाजाराच्या दिवशी परभणीहून गूळ, राकेल आणायला सुरुवात केली. जाताना गावातली माणसंही बसत.

गाडीला पुढं जायचे तीन गेअर. पहिला ताकदीचा, पण बैलाच्या चालीचा. तिसरा सपाट रस्त्याचा. आणि मधला दुसरा चढाचा. हा दुसराच जागेवर टिकत नसे. चढ लागला की दांडा खटकन निसटायचा, इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि गाडी मागं सरकायची. स्टेअरिंग इतकं जड, की नागप्पाला दोन्ही हात लागत. म्हणून दांडा धरायला त्याची बायको चन्नबसम्मा शेजारी बसू लागली.

हळूहळू तिला इंजिनाचा आवाज कळू लागला. “क्लच दाबा,” ती सांगायची आणि दांडा स्वतःच दुसऱ्यात ओढायची. नागप्पा घाईत क्लच अर्धाच दाबी. मग खालून दात खरवडल्यागत कर्रर्र आवाज येई, आणि ती नवऱ्याकडं अशी बघे की मागची माणसं मुकाट्यानं शेतं न्याहाळत.

एका बाजारी नागप्पाला बोलायची लहर आली. “पहिल्यांदा मोटारीत बसली तवा हिनं वहाणा खाली काढून ठेवल्या. देवळात शिरल्यावानी. परभणीत उतरली ती अनवाणी.”

सगळे हसले. ओढा ओलांडून चढ लागला, दुसरा गेअर पडला, आणि अर्ध्या चढावर चन्नबसम्मानं दांड्यावरचा हात काढून पदर सावरला. ब्रेक नावालाच होते. गाडी माणसांसकट उलटी घरंगळत पुन्हा ओढ्यात जाऊन थांबली.

“धर की,” नागप्पा म्हणाला.

“हात दुखायलाय. वहाणांलाच बोलवा धरायला.”

मागं बसलेल्या माणिकरावांना बैल घ्यायचा होता. ते म्हणाले, “नागप्पा, चुकलं म्हणून टाक बाबा. बाजार उठंल.”

नागप्पा स्टेअरिंगकडं बघून पुटपुटला, “चुकलं.”

“मागच्यांला ऐकू गेलं न्हाई,” चन्नबसम्मा म्हणाली.

“न्हाई गेलं,” मागच्यांनी एका आवाजात सांगितलं.

त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं. परभणीत पोचताच त्यानं गाडी थेट भुजंग मिस्त्रीच्या दारात नेली. मिस्त्रीनं गेअरबॉक्सचं झाकण उघडून एवढीशी स्प्रिंग तळहातावर ठेवली. “ही गोळीला दाबती, गोळी दांड्याला खाचेत धरती. स्प्रिंग मेली, दुसरं काय न्हाई.” नवी स्प्रिंग बसली आणि दुसरा गेअर सुटायचा थांबला.

चन्नबसम्मा दुकानात बसू लागली. नागप्पा एकटाच गाडी न्यायचा. कर्रर्र व्हायचं, तो सवयीनं डावीकडं बघायचा; तिथं गुळाची ढेप असायची. तीन बाजार त्यानं असे काढले. चौथ्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, “आता तिसरा बी सुटायलाय वाटतं. उद्या चल.”

ती गेली. सपाट रस्त्यावर तिसरा पडल्यावर तिनं दांड्यावर हात ठेवला. दांडा खाचेत घट्ट बसला होता, जराही हलत नव्हता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो रस्त्याकडं फारच लक्ष देऊन बघत होता.

“लय सुटायलाय,” ती म्हणाली, आणि परभणी येईस्तोवर तिनं हात काढला नाही.