सुखी अरबस्तानातली नदी

"चुकलाय, पण किती मन लावून चुकलाय." भिंतीवरचा नकाशा दाखवताना ते हे म्हणायचेच.

ते मूळचे नाशिकचे, सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात माझे वरिष्ठ. तो नकाशा म्हणजे चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेल्या नकाशाची प्रत. काढणाऱ्याने अरबस्तान पाहिलंच नव्हतं. जुनं ग्रीक पुस्तक वाचून त्याने प्राचीन काळचा प्रदेश कागदावर उभा केला होता. वर लॅटिनमध्ये 'सुखी अरबस्तान' आणि खाली वाळवंटातून वाहणारी रुंद नदी. असा एखादा जेवायला बोलावून नकाशा दाखवणारा तुमच्याही ओळखीत असेल.

आखाती युद्ध पेटलं, क्षेपणास्त्रं पडू लागली. बायकामुलं आधीच भारतात पोचली होती. आम्ही दोघं माझ्या गाडीतून जेद्दाला निघालो. ते कपड्यांची बॅग विसरले. नकाशाची नळी मात्र मांडीवर होती.

रियाधच्या पुढे चौकीवर अडवलं. परक्या माणसाजवळ नकाशा, तोही लढाईच्या दिवसांत. अधिकाऱ्याने आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, खिशात टाकले आणि नकाशा बॉनेटवर पसरला.

"ही नदी कुठे आहे?"

"नाहीये."

"मग काढली का?"

"एका ग्रीक माणसाने तसं ऐकलं होतं."

"तो कुठे असतो?"

"वारला."

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

अधिकारी वाकून स्वतःचं गाव शोधू लागला. सापडेना, तसा त्याचा चेहरा उतरला. "पणजोबांपासून आम्ही तिथले. गाव घाला आणि जा."

मी पेन पुढे केलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या कामात मी हात घालणार नाही."

"अहो, तुरुंगात जाऊ," मी मराठीत पुटपुटलो. "त्याची नसलेली नदी चालते, आणि याचं असलेलं गाव नाही?"

त्यांनी चष्मा पुसला आणि अधिकाऱ्याला विचारलं, "विहीर आहे का गावात?"

"आहे. पण पाणी मचूळ." तो जरा घुटमळला. "थोडं नदीजवळ घेता येईल?"

त्यांनी गाव काठावर नेलं. जुन्या वळणाच्या अक्षरांत नाव लिहिलं. अधिकाऱ्याने इकामे परत दिले. "खलास. यल्ला, निघा."

ते आता नाहीत. डोळ्यांसमोर येतात ते युद्धानंतर परतताना त्याच चौकीवर उतरलेले. तो अधिकारी बदलून गेला होता. नव्या शिपायाने त्या गावाचं नाव ऐकलेलंही नव्हतं. हे नकाशा पसरून, बोटाने त्याला वाट समजावत होते, नदीच्या काठाकाठाने.