स्पीकर तपासायचं गाणं

"आता येतोय बघा मी," असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट वर करायचा, आणि नेमकं त्याच वेळी मी बटण दाबून गाणं बंद करायचो.

हे मी मुद्दाम करत नव्हतो. बुधवार पेठेत माझं स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचं दुकान आहे. तुम्ही कधी त्या गल्लीतून गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे कुठलंच गाणं पूर्ण वाजत नाही. गिऱ्हाईक येतं, 'जरा वाजवून दाखवा' म्हणतं, आम्ही वाजवतो, छातीत धडधडलं की ते मान हलवतं आणि 'पॅक करा' म्हणतं. मग आम्ही गाणं बंद करतो, कारण शेजारच्या दुकानातही कुणीतरी उभं असतं आणि त्यालाही काहीतरी ऐकायचं असतं. आम्ही आवाज विकतो. गाणी विकणारी दुकानं वेगळी होती, ती आता उरलेली नाहीत.

बोट वर करणारा तो गायक होता, आणि त्याच्या गाण्याची सुरुवात मात्र स्पीकर तपासण्यासाठीच बेतल्यासारखी होती. आधी नुसता खोल ठोका, मग त्यावर टाळ्या, मग किणकिण करणारं काहीतरी, मग सगळं एकदम. ते संपलं की क्षणभर शांतता, त्यात गायकाने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू यायचा, आणि मग गाणं सुरू व्हायचं. म्हणजे कॅसेटमध्ये व्हायचं. आमचं काम त्या श्वासापाशी झालेलं असायचं. माझं बघून गल्लीतल्या इतरांनीही तेच गाणं लावायला सुरुवात केली. "अख्ख्या पुण्याने तुमचा श्वास ऐकलाय," असं मी एकदा त्याला म्हणालो. तो खदखदून हसला. तेव्हा त्याचे दिवस चांगले होते.

पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा त्याची पहिली कॅसेट जोरात होती. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, रिक्षांमध्ये तेच गाणं. केबलवर त्याचा व्हिडिओ लागायचा. त्यात तो वारज्याच्या माळावर गॉगल लावून मोटरसायकलभोवती नाचतो आणि मागे एक म्हैस शांतपणे चरताना दिसते. म्हैस त्याच्या चुलत्यांची. शूटिंगवाल्यांनी ती हाकलायला सांगितली तेव्हा चुलते म्हणाले, "तिची जागा हाय ती. तुम्ही सरका." हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी तो गाडीभर मित्र घेऊन आला होता. मी त्याला ओळखलं नाही. मी एक मोठी जोडी दाखवायला काढली आणि सवयीने त्याचंच गाणं लावलं. मित्रांनी एकच गलका केला. मी म्हणालो, "कोण गातो माहीत नाही, पण स्पीकर चांगला कळतो यावर." मित्र गप्प झाले. तो मात्र खूश झाला. कुणाचं गाणं ते कळल्यावर मी शिष्टाचार म्हणून बटणावरचा हात काढून घेतला, तर तोच म्हणाला, "बास शेठ, करा बंद. फुडचं पब्लिकला पाठ हाय."

बोलायचा असा, आणि गायला लागला की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. अर्थात हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या कॅसेटच्या आधी त्याचं लग्न झालं, आणि घात तिथेच झाला. बायकोबद्दल मी काही म्हणत नाही, ती माउली होती. पण सासरे बिल्डर. वारज्याच्या जमिनींवर तेव्हा इमारती उठत होत्या, सासऱ्यांची एक स्कीम तयार होत आली होती आणि जावई गाणारा. त्यांनी कॅसेटचा सगळा खर्च उचलला आणि एकच अट घातली. त्यामुळे त्या कॅसेटमधल्या प्रेमगीतात प्रियकर प्रेयसीला भेटायला बोलावतो ते सासऱ्यांच्या स्कीममध्ये. दुसऱ्या कडव्यात तिथली बाग येते आणि तिसऱ्यात कव्हर्ड पार्किंग.

"पार्किंगला चाल बसंना शेठ," तो मला गंभीरपणे सांगत होता. "लई झटलो. शेवटी आलाप घेतला."

कॅसेटच्या वेष्टनावर सासऱ्यांचा फोटो मोठा आणि त्याचा बारीक. फ्लॅट बुक करणाऱ्याला कॅसेट फुकट. फ्लॅट सगळे गेले. कॅसेटही गेल्या म्हणायला हरकत नाही. लोकांनी त्यांवर दुसरी गाणी भरून घेतली.

तिसऱ्या वेळी त्याने सासऱ्यांना हात जोडले आणि स्वतःच्या हिमतीवर गाणी केली. बिबवेवाडीत एका फ्लॅटच्या भिंतींना गाद्या ठोकून कुणी स्टुडिओ काढला होता, तिथे रेकॉर्डिंग झालं. ती गाणी चांगली होती म्हणे. म्हणे म्हणतो, कारण ती बाहेर आलीच नाहीत. सीडी यायच्या बेतात असताना ती काढणाऱ्या कंपनीच्या मालकाने धंदा गुंडाळला आणि तो पाण्याच्या टाक्या विकायला लागला. गाणी त्या मालकाकडेच राहिली. पुढे हा लग्नांमध्ये ऑर्केस्ट्रात गायचा. लग्नात कोण ऐकतं हे तुम्हाला सांगायला नको. निम्मे लोक ताट घेऊन उभे असतात आणि निम्मे ताटाची वाट बघत.

माझ्याकडे त्याचं येणं वाढलं ते या पडत्या काळात. कधी माइकची वायर, कधी काही नाही. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसायचा. गिऱ्हाईक आलं, मी त्याचं गाणं लावलं, की सावरून बसायचा. टाळ्या आल्या की डोळे बारीक करायचा. मग बोट वर. "आता येतोय बघा मी." आणि मी बंद.

"शेठ, फुडं?" तो म्हणायचा.

"पुढे काय? पुढे गाणं आहे," मी म्हणायचो.

त्याचं म्हणणं असं की सगळा जीव तिसऱ्या कडव्यात आहे. तिथे वाद्यं थांबतात आणि नुसता आवाज राहतो. संगीत बसवणाऱ्याचा याला विरोध होता, नाचाच्या गाण्यात असं चालत नाही म्हणून. याने हट्टाने ते तसंच ठेवलं. गॅदरिंगमध्ये व्हायचं ते असं, की तिसऱ्या कडव्याला नाच थांबायचा आणि मंडळी चहाला जायची. म्हणजे जे गाणं सगळ्या पुण्याला पाठ होतं, त्याचंही तिसरं कडवं कुणी ऐकलं नव्हतं. जोरात चालत होतं तेव्हा हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. सगळं ओसरल्यावर लक्षात आलं, आणि मग त्याला दुसरं काही सुचेना.

मी एकदा म्हणालो, "सोमवारी दुकान बंद असतं, या. पूर्ण लावतो."

"तुम्ही ऐकून काय उपेग? तुम्हाला स्पीकरच ऐकू येतो," तो म्हणाला. हे खरं होतं. "आन् मला ऐकायचं तर घरी हाय की कॅसेट. गिऱ्हाइकानं ऐकाय पायजे. मी सांगितलं म्हणून न्हाय, ओळखीचं म्हणून न्हाय. आपसूक. शेवटापत्तुर. एकानं का होईना."

एवढंच त्याला हवं होतं. ऐकायला किती साधं वाटतं! पण माझ्या दुकानात तो कितीतरी दसरे-दिवाळ्या बसला आणि असं गिऱ्हाईक काही आलं नाही.

मध्ये एकदा नशीब फिरलं. मोबाइलवर कॉलर ट्यूनचं खूळ आलं आणि त्याच्या त्याच गाण्याला पुन्हा बरे दिवस आले. याचे डोळे चमकायला लागले. पण कॉलर ट्यूनचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पलीकडच्याने फोन उचलला की गाणं तुटतं. याने ओळखीच्या सगळ्यांना तंबी दिली, "फोन लगेच उचलत जाऊ नका." मी त्याची ट्यून लावली होती आणि धंद्यामुळे फोन पटकन उचलत होतो, म्हणून तो माझ्यावर आठवडाभर नाराज होता. थकबाकीवाल्यांवर मात्र त्याचा जीव होता. ते फोन उचलतच नसत.

ते खूळही गेलं. मग पेन ड्राइव्ह आले. माझ्याकडे एक नवा माणूस कामाला लागला होता, हुशार होता. सारखं मागे जाऊन सुरुवात शोधायला नको म्हणून त्याने त्या गाण्याची नुसती सुरुवात कापली आणि एकापुढे एक जोडून ठेवली. मला फार सोयीचं वाटलं. नेमका त्याच दिवशी हा स्टुलावर बसलेला. मी गिऱ्हाइकाला स्पीकर लावून दिला आणि हिशेबाच्या नादात बंद करायचं विसरलो. ठोका झाला, टाळ्या झाल्या, शांतता आली. माझा हात बटणाकडे गेलेला नाही हे याने पाहिलं. चेहरा असा उजळला की विचारू नका. बोट वर केलं, आणि पुन्हा ठोका सुरू झाला. श्वाससुद्धा कापलेला होता.

बोट जरा वेळ तसंच वर राहिलं.

"बरं केलं," तो म्हणाला. "टाइम वाचतो."

मला फार वाईट वाटलं. तो गेल्यावर मी त्या माणसावर उगाच ओरडलो. त्याने तर काम सोपं केलं होतं. पुढच्या वेळी याने स्वतःचा एक पेन ड्राइव्ह आणून काउंटरवर ठेवला. "ह्यात पुरं हाय. असू द्या," एवढंच बोलला. मी तो खणात टाकला.

त्यानंतर त्याचं येणं काही महिने बंद झालं. आला तेव्हा गळ्याभोवती मफलर होता. स्वरयंत्राचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेला नव्हता, पण राहिला होता त्याला आवाज म्हणणं जिवावर येत होतं. कागद चुरगळल्यासारखं काहीतरी यायचं, त्यासाठी त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. मी स्टूल पुढे सरकवलं. तोच म्हणाला, "आता गिऱ्हाइकाशी भांडाय तुमच्या कामाचा न्हाय मी."

तो असा बसलेला असताना एक दिवस एक बाई आल्या. बिबवेवाडीच्या, निवृत्त शिक्षिका. भजनी मंडळासाठी स्पीकर हवा होता. मी नेहमीप्रमाणे ठोका सुरू केला. त्यांनी थोडा वेळ सहन केलं.

"अहो, ही आदळआपट काय ऐकवताय? आम्ही बायका गाणार आहोत त्यावर. माणसाचा आवाज ऐकवा."

दुकानातल्या पेन ड्राइव्हवर माणसाचा आवाज असलेलं काही नव्हतं. एवढी वर्षं कुणी मागितलाच नव्हता. मी खण उघडला आणि त्याचा पेन ड्राइव्ह लावला. त्याच्याकडे बघितलं नाही. सुरुवात गेली, श्वास आला आणि तो गायला लागला. काय सांगू, मी ते गाणं हजारो वेळा लावलं होतं आणि पहिल्यांदा ऐकत होतो.

एक कडवं झालं. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि खुर्ची ओढून बसल्या. दुसरं झालं. वाद्यं थांबली तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"थांबा हो!" बाई जवळजवळ खेकसल्याच. "चांगलं गातोय ना तो."

'दार लावू नकोस, मी वाटेवर आहे,' असं काहीसं ते कडवं होतं. साधेच शब्द. स्टुलावर तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. बोट वर केलं नाही, काही नाही. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसा बाईंकडे बघत होता. गाणं संपलं. शेजारच्या दुकानातला गोंगाट ऐकू यायला लागला.

"द्या हा स्पीकर," बाई म्हणाल्या. "आणि हे गाणंही द्या. कोण गातो हा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. तो वाकून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "वारज्याचा हाय एक जण."

"मग आणा की त्याला एकदा आमच्याकडे. आमच्या बायकांना दोन गोष्टी शिकवील."

"न्हाय यायचा तो."

"का? फार मोठा झाला का?"

तो हसला. त्या चुरगळलेल्या आवाजात म्हणाला, "व्हय. लई मोठा झाला."

मी पॅकिंग करत होतो ते बरं झालं, मान खाली घालता आली. त्याने पेन ड्राइव्ह काढून बाईंच्या हातात दिला, खोकं उचललं आणि रिक्षात नेऊन ठेवलं. रिक्षावाल्याला खुणेने सांगितलं, सावकाश जा. मग माझ्याकडे बघून हात केला आणि मंडईच्या बाजूने चालायला लागला. परत काही तो दुकानात आला नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. दुखणं पुन्हा उलटलं आणि त्यात तो गेला, हे मला त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं. मी वारज्याला जाऊन आलो.

परवा त्या बाई माइकची वायर घ्यायला आल्या होत्या. स्पीकर उत्तम चालला आहे म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून, चहाडी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, "त्या गाण्यातलं शेवटचं कडवं आम्ही घेतो बरं का भजनात. प्रेमाबिमाचं असेल, पण आम्ही देवासाठीच म्हणतो. सगळ्या जणींना पाठ आहे. शेवटी तेच होतं, त्याशिवाय कुणी उठत नाही. तेवढं त्या गाणाऱ्याला कळवा. केवढाही मोठा झाला असू दे."

"कळवतो," मी म्हणालो, आणि त्यांना हवी तेवढी वायर कापून दिली.