कठड्याशी उभा शास्त्रज्ञ

लेकीसाठी आणलेलं पुस्तक उघडलं आणि शाईचा ओलसर वास आला. एका थोर भौतिकशास्त्रज्ञाचं सचित्र चरित्र. माझ्या लहानपणी होतं तेच, फक्त नव्यानं छापलेलं. त्या वासासरशी मी थेट अकोले गावच्या स्टँडवर जाऊन पोचले.

मी वसतिगृहात राहायला निघाले होते. जीप भरायची वाट बघत आई नि मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलो होतो. आईच्या पदराला भाताच्या पेंढ्याचा वास येत होता. मांडीवर हेच पुस्तक आणि हेच चित्र: जहाजाच्या कठड्याशी उभा तरुण शास्त्रज्ञ, भोवती निळाच निळा समुद्र. आईला वाचता येत नव्हतं. चित्रावरून बोट फिरवत ती म्हणाली, "आईला सोडून चाललंय गं पोरगं. लई जड झालंय त्याला."

"न्हाई गं आई. पानी निळं का दिसतं, त्याचा इचार करतोय तो. खाली लिवलंय."

"व्हय? ते बी आसंल," म्हणत तिनं माझी घट्ट वेणी उगाच सोडून पुन्हा घातली.

आज लेकीला ते पान दाखवताना चित्र नीट पाहिलं. अगदी कडेला किनाऱ्याची पुसट तपकिरी रेघ आहे. त्याची नजर पाण्यावर नाहीच, त्या रेघेवर आहे.