तीन मुलखांचा बा

१४ फेब्रुवारी १९७३. खाणीत सकाळी उतरली माणसे नऊ. दुपारी जिवंत वर आली सात.

दौंडबाहेरच्या त्या दगडखाणीत शेवंताबाई खडीची घमेली वाहत असे. ती शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईची. दुष्काळात शेतातली मजुरी आटली, तेव्हा भीमा ओलांडून इकडे आली. शाळेच्या पायऱ्या तिने चढल्या होत्या त्या बांधतानाच. खाणीत मात्र तीन मुलखांची माणसे होती आणि तिन्हींच्या तोंडी 'बा' होता. शेवंताबाईचा बा म्हणजे बाप. विजापूरकडच्या पाथरवटांचा बा म्हणजे 'ये'. गुजराती मुनीम आपल्या आईला बा म्हणे. कोणाचा बा कोणता, हे बाईला बोलणाऱ्याकडे नुसते पाहून कळे. विद्यापीठात या विद्येला अध्यासन मिळते; खाणीत घमेले हलके करून मिळत नसे. पाथरवटांची कानडी ती ऐकून ऐकून शिकली होती. मुनीम त्यांना हुकूम सोडी तो तिच्याच तोंडून, आणि मग तिलाच विचारी की काम टाकून गप्पा कसल्या मारतेस.

त्या दिवशी कडा सुटून दोन पाथरवट गेले. पाचव्या दिवशी चौकशी अधिकारी आले. मयतांनी सूचना मानली नाही, असे कंत्राटदाराने आधीच लिहून दिले होते, आणि मयतांनी त्यावर हरकत घेतली नव्हती. उरली एका मयताची बायको, मल्लव्वा. तिची साक्ष कागदावर आली तरच दोन्ही घरांना भरपाई मिळणार होती. पण तिला कानडीखेरीज काही येत नव्हते. दुभाषी एकच, शेवंताबाई.

मुनिमाने तिला बाजूला घेऊन मायेने समजावले. "शेवंते, ती म्हणते नशिबाचा खेळ. एवढंच सांग. उद्या कामावर यायचंय ना?"

शेवंताबाईने मल्लव्वाचा शब्दन् शब्द सांगितला. कड्याची भेग नवऱ्याने सकाळीच मुनिमाला दाखवली होती. तरी मुनिमाने दोघांना त्याच कड्याखाली बोलावले. मग कोणी न विचारताच शेवंताबाईने पुढचेही सांगितले: मुनिमाने बोलावले ते तिच्या तोंडून. 'बा' अशी हाक तिनेच दिली होती.

मुनीम नम्रपणे म्हणाला की बा म्हणजे आई. बाईमाणूस घाबरून आईला हाक मारायचीच. साहेबांना भाषेची आवड होती. मराठीत तर तो बाप, असे त्यांनीच सुचवले, आणि तीन अर्थांच्या शब्दावरून हुकूम कसा शाबीत व्हावा, असा प्रश्न टाकला.

"सायेब," शेवंताबाई म्हणाली, "म्या 'बा' म्हनलं आन् त्ये आले. त्यास्नी बराबर कळलं व्हतं."

साहेबांनी लिहिले: शब्द संदिग्ध, दुभाषी निरक्षर, तज्ज्ञांचे मत मागवावे.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईचे काम गेले. पुढे ती तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागली. गिऱ्हाइकाला ती हाताने खुणावी, हाक देत नसे. तज्ज्ञांचे मत तीन वर्षांनी आले. अकरा पाने होती. शब्दाला तीन अर्थ आहेत आणि कोणता घ्यावा हे बोलणारा व ऐकणारा यांवरून ठरते, असा निष्कर्ष होता. तज्ज्ञांचे मानधन वेळेवर पोचले.

दोन्ही घरांची भरपाई अद्याप दिलेली नाही.