दुधाळ न झालेली निवळी

टेंभुर्णीच्या दैवशालाने बी.एस्सी. केलं, पण प्रयोग म्हणावा असा एकही स्वतःच्या हाताने केला नाही. कॉलेजची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात. परीक्षेला ती उघडायची आणि तिथला साहाय्यक सगळ्यांना आकडे सांगून मोकळा व्हायचा. दैवशालाला पहिला वर्ग मिळाला, आणि त्याची तिला मनातून लाज वाटत राहिली. लग्नानंतर, लेक शाळेत जायला लागल्यावर, तिने जालन्यात बी.एड.ला प्रवेश घेतला तो एकच गोष्ट मनाशी धरून: आपल्या वर्गातलं पोर आधी डोळ्यांनी बघेल आणि मगच बोलेल.

पण बी.एड. हे काय प्रकरण असतं ते केलेल्यांनाच विचारावं. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांच्यापुढे फजिती नको म्हणून तोच पाठ त्याच मुलांकडून आधी बसवून घ्यायचा, गॅदरिंगच्या नाटकासारखा. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे सगळा वर्ग हुशार. ही अक्कल विज्ञान पद्धतीचे भुजंग सर दरवर्षी शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना कुणी नापास झालेलं सहन व्हायचं नाही.

दैवशालाचा पाठ होता श्वसनाचा, मस्तगडातल्या एका शाळेत, सातवीवर. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. तालमीच्या दिवशी तिने बाटली उघडली, तसे सर म्हणाले, "मॅडम, उगं निवळी वाया घालू नका. पोरांच्या तोंडी उत्तरं बराबर बसवा, मंग पाठ पडत न्हाई."

तिला ते पटलं नाही, पण गुण सरांच्याही हातात होते. तिने बाटली बंद केली. नळी न फुंकताच चाळीस पोरांनी एका सुरात म्हणून दाखवलं, निवळी दुधाळ झाली.

वार्षिक पाठाला परीक्षक मागच्या बाकावर बसले, शेजारी भुजंग सर. दैवशालाने ग्लासात निवळी ओतली आणि एकता नावाच्या मुलीला पुढे बोलावलं. एकता किराणा दुकानदाराची पोर, कमी बोलणारी. तिने गाल फुगवून फुंकलं. बुडबुडे आले, निवळी मात्र होती तशीच. पुन्हा फुंकलं, तरी तेच. बी.एड. कॉलेजच्या कपाटात बूच सैल राहून ती बाटली कधीच निकामी झाली होती, आणि आधी एकदा फुंकून बघितलं असतं तर ते कळलं असतं. सवयीने दैवशालाच्या तोंडून प्रश्न गेलाच, काय दिसलं?

सगळा वर्ग गरजला, निवळी दुधाळ झाली.

एकता तेवढी ग्लासात बघत उभी होती. "न्हाई झाली मॅडम," ती म्हणाली, "पाणीच है अजून."

वर्षानुवर्षं जे पोर वर्गात असावं म्हणून दैवशाला झुरली होती, ते समोर उभं होतं. त्याला शाबासकी द्यायला एक वाक्य पुरलं असतं. दैवशालाने मागच्या बाकाकडे पाहिलं.

"जागेवर बस," ती म्हणाली, आणि फळ्यावर निष्कर्ष लिहायला वळली.

परीक्षकांनी वर्ग-नियंत्रणाचं कौतुक केलं. गुण भरपूर पडले. सरांनी पेढे मागितले. घरी आल्यावर दैवशाला मोरीत तोंड धुता धुता रडली. तिला स्वतःची शिसारी आली होती.

सकाळी तिने सासूच्या डबीतला पानाचा चुना पाण्यात कालवला, निवळल्यावर वरचं पाणी बाटलीत घेतलं आणि शाळा गाठली. मधल्या सुट्टीत एकताला बाजूला बोलावलं, काल आपलं चुकलं म्हणून सांगितलं आणि नळी हातात दिली. एकताने फुंकलं. बघता बघता निवळी पांढरी झाली.

"आता सांग, काय दिसतं?" दैवशालाने विचारलं.

एकताने ग्लासाकडे पाहिलंच नाही. मॅडमच्या तोंडाकडे बघत तिने हळूच विचारलं, "काय म्हणू मॅडम?"